रनर, बॅकस्टे आणि मास्टचे सैल-घट्ट होणारे आधार: क्रूझिंग बोटवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

मुंबई-गोवा किनाऱ्यावर स्वतःची किंवा मित्राची बोट घेऊन फिरणारे लोक मला हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची नीट लिहून ठेवतोय. माझी बोट ३६ फुटी आहे, मास्टहेड रिग (मास्ट म्हणजे डोलकाठी, आणि तिला पुढून धरणारी तार, फोरस्टे, थेट तिच्या टोकाला), मागे कायमचा बॅकस्टे (मास्टला मागून धरणारी तार), पुढे जेनोआ हे मोठं शीड फर्लरवर, म्हणजे गुंडाळायच्या यंत्रावर, आणि त्याच्या आत काढता-घालता येणारा इनर फोरस्टे (आतली पुढची तार) ज्यावर स्टेसेल हे छोटं शीड लागतं. मी जे सांगतोय ते मुख्यतः अशा बोटीला धरून आहे, तुमची रिग वेगळी असेल तर तो फरक आधी समजून घ्या.

रनर म्हणजे नक्की काय?

रनिंग बॅकस्टे, बोलताना नुसतं रनर. मास्टच्या वरच्या भागातून, साधारण जिथे इनर फोरस्टे जोडलेला असतो त्याच उंचीवरून, दोन तारा किंवा दोर निघतात आणि मागे डाव्या-उजव्या कोपऱ्यात डेकवर येतात. यातला वाऱ्याकडचा एकच घट्ट असतो, दुसरा सैल सोडून पुढे नेऊन ठेवायचा, कारण तो तिथेच ताणून ठेवला तर बूम (मेनसेलच्या, म्हणजे मुख्य शिडाच्या, तळाचा आडवा दांडा) बाहेर जायला जागाच राहत नाही. टॅक मारला, म्हणजे बोटीचं पुढचं टोक वाऱ्यातून फिरवून वारा दुसऱ्या बाजूला घेतला, की काम दुसऱ्या बाजूच्या रनरकडे जातं. कल्पना एवढीच आहे, बाकी सगळा सवयीचा भाग.

मला मागे कायमचा बॅकस्टे आहे, मग रनर कशाला हवेत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कायमचा बॅकस्टे मास्टचं टोक धरतो, मधलं अंग धरत नाही. तुम्ही नुसत्या जेनोआवर हलक्या वाऱ्यात फिरत असाल तर खरंच काही बिघडत नाही. पण वारा वाढला, जेनोआ गुंडाळला आणि स्टेसेल लावलं की ते स्टेसेल मास्टला टोकाच्या बरंच खाली पुढे ओढतं, आणि तिथे मागून धरणारं काहीच नसतं.

लाट आली की बोट आपटते आणि मास्टचा मधला भाग पुढे-मागे धडधडायला लागतो, याला पंपिंग म्हणतात. एकदा मास्टला पाठ टेकून, मान वर करून ट्रॅककडे (शीड वर-खाली सरकतं त्या पट्टीकडे) बघा, सरळ रेघ असायला हवी ती श्वास घेतल्यासारखी फुगते आणि आत जाते ते स्पष्ट दिसतं, तळहात लावला तर प्रत्येक लाटेचा ठोका हाताला जाणवतो. रनर घट्ट केला की दोन सेकंदांत ते थांबतं. ज्याने हा फरक एकदा हाताने अनुभवलाय तो नंतर रनर कशाला असं विचारत नाही.

दुसरा फायदा शिडाच्या आकाराचा. कपडे वाळत घालायची दोरी आठवा, मध्ये ओला टॉवेल टाकला की दोरी खाली येते, आणि ती जवळजवळ सरळ करायची म्हटली तर दोन्ही खिळ्यांवर टॉवेलच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ येते. स्टेचं तसंच आहे. वाऱ्याने शीड बाजूला ढकललं की स्टे झोळीसारखा सुटतो, शीड फुगीर होतं, बोट जास्त कलते आणि वाऱ्याच्या तोंडावर जात नाही. इनर फोरस्टे ताठ ठेवायचा तर मागून तेवढीच ओढ हवी, आणि ती रनरच देतो.

आपल्या किनाऱ्यावर याची खरंच गरज पडते का?

गोव्याला जाताना कमी, परत येताना नक्की. पावसाळा संपल्यापासून मे पर्यंत आपल्याकडे पहाटे मतलई वारा जमिनीवरून येतो आणि दुपारनंतर खारा वारा वायव्येकडून. गोव्याला जाताना दुपारचा वारा मागून असतो, मजेत जाता. परतीचे सव्वादोनशे नॉटिकल मैल मात्र तोच वारा तोंडावर घेऊन, छोट्या उभ्या लाटांवर आपटत काढावे लागतात, आणि असं आपटणंच मास्टला सगळ्यात जास्त त्रास देतं. विजयदुर्ग ते जयगड हा टप्पा दुपारी चारनंतर स्टेसेल आणि एक रीफ घातलेलं (एक टप्पा लहान केलेलं) मेनसेल घेऊन करून बघा, रनर लावून आणि न लावता, म्हणजे कोणाला विचारायची गरज राहणार नाही.

मग लावायचे कधी?

माझा नियम साधा आहे: इनर फोरस्टेवर शीड असेल तर वाऱ्याकडचा रनर लागलेलाच पाहिजे, वारा किती आहे ते बघायचं नाही. शीड नसेल पण लाटांमुळे मास्ट धडधडत असेल तरी लावा, फक्त तेव्हा हलक्या हाताने. मोठ्या समुद्रात वारा मागून घेऊन जातानाही लावा, कारण तेव्हा सगळी शिडं मास्टला पुढेच ढकलत असतात.

ताण किती द्यायचा?

आकडा मागणारे खूप असतात, आणि तारेसाठी एक भरवशाची रीत आहे. १ बाय १९ ची स्टेनलेस तार असेल तर तार पूर्ण सैल असताना तिच्यावर २ मीटर मोजून खूण करा, आणि ताण देताना ते २ मीटर किती वाढलं ते बघा. १ मिलीमीटर वाढलं म्हणजे तार तुटायच्या ताकदीच्या ५ टक्के ताण आला, ३ मिलीमीटर म्हणजे १५ टक्के. तार जाड असो की बारीक, टक्केवारी तीच येते हे यातलं छान. बाजूच्या श्राउडना (मास्टला बाजूने धरणाऱ्या तारांना) आणि कायमच्या बॅकस्टेला ही रीत जरूर वापरा.

रनरला मात्र मी डोळ्याने ताण देतो. एक जण विंचवर (दोर ओढायच्या फिरत्या ड्रमवर), एक जण मास्टपाशी ट्रॅककडे बघत. मास्ट सरळ किंवा मध्ये अगदी किंचित पुढे झुकलेला असावा. मधला भाग मागे गेलेला कधीही चालणार नाही, आणि ही चूक उत्साही लोक हमखास करतात, इनर फोरस्टे काढून ठेवलेला किंवा सैल आणि रनर विंचवर करकचून आवळलेला. पुढून ओढणारं काही नसताना मागून ओढलं तर मास्टचं पोट उलट्या बाजूला जातं, आणि उलटा वाकलेला मास्ट लाटेत मोडू शकतो. रनर आणि इनर फोरस्टे ही जोडी आहे, एकाला जेवढं द्याल तेवढं दुसऱ्याला.

टॅक करताना क्रम कसा?

आधी नवा धरायचा, मग जुना सोडायचा. हे सहा शब्द कॉकपिटमध्ये चिकटवून ठेवा म्हणतात तसं मी खरंच पहिल्या वर्षी विंचशेजारी लिहून ठेवलं होतं.

सविस्तर सांगायचं तर, वाऱ्याच्या तोंडावर चालताना बूम जवळजवळ मध्यावरच असतो, त्यामुळे वाऱ्याआडचा रनर शिडाला टेकेपर्यंत बराचसा आधीच ओढून घेता येतो, तो पुढून सोडवून मागे आणा, ढील काढून घ्या आणि विंचवर दोन वेढे टाकून ठेवा. मग सुकाणू फिरवा, नाळ वाऱ्यातून पलीकडे जाताना शिडं फडफडतात आणि तेव्हा कशावरच फारसा भार नसतो, त्या दोन-तीन सेकंदांत नवा रनर खुणेपर्यंत ओढा, आणि बूम पलीकडे जायला लागला की जुना सोडा. जिबची, म्हणजे पुढच्या शिडाची, शीट (शीड ओढायचा दोर) त्यानंतर. बरेच जण जिबच्या शीटमागे धावतात आणि रनर विसरतात, ते उलटं करा, जिब पाच सेकंद फडफडला तर काही होत नाही.

खुणेचं सांगतो. दोराच्या शेपटीवर, बरोबर कामाचा ताण येतो तेव्हा जी जागा क्लचपाशी (दोर पकडून ठेवणाऱ्या चापापाशी) येते तिथे, मी लाल व्हिपिंग दोऱ्याचे पंधरा-वीस वेढे घट्ट गुंडाळून शिवून घेतलेत. टेप किंवा मार्कर नको, कारण रात्री रंग दिसत नाही, पण त्या दोऱ्याची गाठाळ कड बोटाला लागते, ओल्या थंड हातालासुद्धा, आणि अंधारात टॉर्च न लावता कळतं की पोचलं. पूर्ण मांडणीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे.

आणि जाइब?

जाइब म्हणजे वारा मागून असताना बूम पलीकडे घेणं. इथे घाई करू नका. मेनसेल शीटने पूर्ण आत घ्या, बूम मध्यावर. प्रिव्हेंटर, म्हणजे बूम आपोआप पलीकडे जाऊ नये म्हणून पुढे बांधलेला दोर, लावलेला असेल तर तो सोडा. नवा रनर लावा, जुना सोडून ढील द्या, मग सुकाणू फिरवा आणि बूम नव्या बाजूला गेला की शीट सावकाश बाहेर. ज्या बोटींना कायमचा बॅकस्टे आहे त्यांना क्षणभर दोन्ही रनर सैल असले तरी चालतं. ज्यांना नाही, त्यांचा मास्ट मागून फक्त रनरवर उभा आहे, त्यांनी जोराच्या वाऱ्यात हा क्रम एकदाही चुकवायचा नाही. वारा जास्त आहे आणि माणसं कमी आहेत असं वाटलं तर जाइब करूच नका, वर फिरून टॅक मारून या, वेळ जातो, रिग वाचते.

न सांगता होणारा जाइब ही रनरची सगळ्यात वाईट बाजू आहे. माझ्या बोटीवर झालाय. दाभोळच्या बाहेर, संध्याकाळची वेळ, वारा मागून, रनर लागलेला, आणि प्रिव्हेंटर लावलेला नव्हता कारण तासाभरात दिशा बदलायची होती. एक लाट पाठीमागून तिरकी आली, बोट फिरली, बूम पलीकडे गेला आणि ताणलेल्या रनरवर आदळला. तो आवाज अजून कानात आहे. बूम रनरवरच अडकून राहिला, शीड उलट्या बाजूने भरलं आणि बोट आडवी व्हायला लागली, रनर सोडल्यावरच ती उठली. बूमवर जिथे दोर बसला तिथे अंगठ्याएवढी खोल खळी पडली आणि व्हँगचं (बूम खाली ओढून धरणाऱ्या साधनाचं) फिटिंग बदलावं लागलं. कोणाला लागलं नाही. तेव्हापासून वारा मागून असेल तर दहा मिनिटांसाठी का होईना प्रिव्हेंटर लावल्याशिवाय मी जात नाही, आणि तुम्हीही जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

रीफ घातल्यावर दोन्ही रनर लावून ठेवले तर?

बऱ्याच क्रूझिंग बोटींवर दुसऱ्या किंवा तिसऱ्या रीफनंतर शिडाची मागची कड इतकी पुढे-खाली येते की ती रनरच्या आतून सुटी जाते, मग वाऱ्याच्या तोंडावर चालताना दोन्ही लावून ठेवता येतात आणि टॅकमध्ये काही करावं लागत नाही. पण हे तुमच्या बोटीवर होतं का ते शांत दिवशी, बंदरात, शीड चढवून स्वतः बघा. बूमचं टोक रनरला लागत असेल तर हा विषय तिथेच संपला.

तार चांगली की डायनिमा?

रनरसाठी डायनिमा, म्हणजे अतिमजबूत कृत्रिम धाग्याचा दोर, मला यात शंका नाही. त्याच जाडीच्या स्टेनलेस तारेपेक्षा सात-आठपट हलका आणि ताकदीला कमी नाही. सैल रनर मास्टवर आणि शिडावर आपटत राहतो, तार असेल तर रात्रभर ठणाठण आवाज, मास्टचा रंग जातो, मेनसेलला घासून चीर पडते, दोर असेल तर यातलं फार काही होत नाही. डायनिमा सततच्या ताणाखाली हळूहळू लांबतो हे खरं आहे, पण रनर कायम ताणलेला नसतो म्हणून तो मुद्दा इथे लागू पडत नाही.

एक मात्र, डायनिमाला गाठ मारू नका. दोर गुळगुळीत, गाठ सरकते, आणि गाठीत त्याची ताकद अर्ध्याहूनही कमी होते. स्प्लाइस, म्हणजे दोराचं टोक दोरातच घालून जोडणं, शिका, अर्ध्या तासात येतं, दोराच्या जाडीच्या ७२ पट लांब शेपटी आत पुरायची, म्हणजे ८ मिलीमीटरच्या दोराला साधारण ५८ सेंटिमीटर, शेवटाला धागे कापून निमुळतं करायचं आणि वरून टाके घालायचे. बाकी जाडी निवडताना ताकदीपेक्षा उन्हाचा विचार करा, आपल्याकडचं ऊन बाहेरचे धागे खातं, म्हणून एक माप जाड घ्या किंवा वरून कव्हर असलेला घ्या.

टॅकल, विंच की लीव्हर?

जुन्या बोटींवर लीव्हर असतात, एक झटका दिला की घट्ट, एक झटका दिला की सैल. झटपट आहेत पण ताण कमी-जास्त करता येत नाही आणि डेकवर पायाला लागतात, हाताचं बोट चिरडतात. ३०-३५ फुटांपर्यंत चारपट किंवा सहापट टॅकल (कप्प्या आणि दोर यांची जोडणी) पुरतं. त्यापुढे दोर टॅकलमधून मोकळ्या विंचवर आणा. मी चारपट टॅकल आणि शेपटी जेनोआच्या दुय्यम विंचवर अशी मांडणी केलीय. तुमच्याकडे कमी खर्चात करायचं असेल तर डायनिमाच्या टोकाला लो-फ्रिक्शन रिंग (गुळगुळीत कडी) बांधून त्यातून दोर घ्या, कप्पीपेक्षा हलकी, आणि डोक्यावर आपटली तरी कप्पीएवढं लागत नाही.

डेकवर कुठे बसवायचा?

जेवढा मागे आणि बाहेर, तेवढा चांगला, कारण मास्टशी कोन मोठा होतो आणि कमी ताणात काम होतं. पण जागेपेक्षा महत्त्वाचं आहे खालचं काम. माझ्या डाव्या बाजूचा पॅडआय (दोर अडकवायचं डेकवरचं कडं) ज्याने बसवला त्याने डेकखाली नुसते वायसर टाकून नट आवळले, डेकच्या आत बाल्सा लाकूड आहे, बोल्टच्या भोकातून पाणी मुरलं आणि दोन पावसाळ्यांत आतलं लाकूड ओल्या केकसारखं झालं, पेचकसाचं टोक दाबलं की आत जायचं. तेवढा भाग कापून, नवीन भरून, पुन्हा करावं लागलं. भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरा, इपॉक्सी सुकल्यावर त्यातून बोल्टची भोकं पाडा, आणि खाली तळहाताएवढी तरी जाड प्लेट द्या. या जागी टनाच्या हिशोबात ओढ येते, ती डेकच्या कातडीवर सोडू नका.

नको असेल तेव्हा ठेवायचा कुठे?

दोन्ही पुढे नेऊन श्राउडच्या तळाशी शॉककॉर्डने (रबरी दोरीने) अडकवा. सैल लोंबकळत ठेवलेला रनर लाटेत झोके घेतो आणि त्याच्या टोकाची कप्पी नेमकी तोंडाच्या उंचीवर येते.

बॅकस्टे अॅडजस्टर लावावा का?

लावा, पण त्याचं काम वेगळं आहे हे डोक्यात ठेवा. बॅकस्टे ओढला की मास्टहेड बोटीवर मुख्यतः फोरस्टे ताठ होतो आणि जेनोआ सपाट होतो. फ्रॅक्शनल रिगवर (जिथे फोरस्टे मास्टच्या टोकाच्या खाली जोडलेला असतो) त्याबरोबर मास्ट वाकतो आणि मेनसेलही सपाट होतं. हलक्या वाऱ्यात सैल, वारा वाढला की ओढा, नांगर टाकला की पुन्हा सैल, रात्रभर बोटीला धनुष्यासारखं ताणून ठेवायचं कारण नाही. अगदी ढिला पण सोडू नका, फोरस्टे लटपटतो आणि फर्लर जड चालतो.

प्रकार तीन आहेत. खाली दोन पायांत फुटलेला बॅकस्टे आणि त्या पायांना एकत्र खेचणारी गाडी, हा स्वस्त आणि कॉकपिटमधून चालतो. चाकाचा टर्नबकल (तार ताणायचा स्क्रू), सावकाश पण मजबूत. आणि हायड्रॉलिक, ज्याचा हँडल इतका हलका चालतो की आपण किती ओढलं ते हाताला कळतच नाही, म्हणून त्यात गेजकडे बघूनच पंप मारा.

मागे कललेल्या स्प्रेडरची नवी बोट आहे, रनर लागतील?

स्प्रेडर, म्हणजे मास्टवरच्या श्राउड बाहेर ढकलणाऱ्या आडव्या दांड्या, बरेच मागे झुकलेले असतील तर श्राउडच मास्टला मागून धरतात, बनवणाऱ्याने तसाच हिशोब केलेला असतो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायला ते पुरतं. पण तुम्ही नंतर इनर फोरस्टे बसवलात तर हिशोब बदलला, मग रिगरला विचारा.

एकट्याने बोट चालवतो, जमेल का?

जमतं. ऑटोपायलटला टॅक करायला लावा, सगळे दोर हाताच्या अंतरात आणा आणि खुणा करा. मला विचाराल तर प्रश्न एकट्या-दुकट्याचा नाहीये, मांडणीचा आहे. ज्या बोटीवर रनर लावायला पुढे जावं लागतं, शॅकलची पिन शोधावी लागते, विंच मोकळा नसतो, त्या बोटीवर कोणीच रनर लावत नाही, आणि ज्या रात्री लागतो त्या रात्री तो श्राउडला बांधलेलाच राहतो. महागडं सामान घेण्याआधी हे बघा की बसल्या जागेवरून, न बघता, दहा सेकंदांत तो घट्ट होतो की नाही.

रनर असले की मास्ट पडणार नाही ना?

असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भारतीय शिडनाविक अभिलाष टॉमी यांची थुरिया ही बोट सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये दक्षिण हिंद महासागरातल्या वादळात उलटली आणि मास्ट गेला, पाठीला जबर मार बसला, आणि तीन दिवसांनी ओसिरिस या फ्रेंच जहाजाने त्यांना सोडवलं. अशा समुद्रापुढे कुठलाही स्टे अपुरा आहे. रनर रोजच्या धडधडीपासून, हळूहळू होणाऱ्या झिजेपासून वाचवतो. तार कापायचं कटर आणि पिना ठोकून काढायचा हातोडा बोटीवर असलाच पाहिजे, रनर असोत वा नसोत.

आपल्या जुन्या शिडाच्या होड्यांना असं काही होतं का?

होतं, आणि हे मला फार आवडतं. अरबी समुद्रातल्या तिरक्या शिडाच्या गलबतांवर डोलकाठी पुढे कललेली असायची आणि तिला बाजूने-मागून धरणारे दोर कप्प्यांवर बांधलेले, सोडता येण्यासारखे असायचे. वाऱ्याकडच्या बाजूचे ताणायचे, शीड पलीकडे घेतलं की ते सोडून दुसऱ्या बाजूचे ताणायचे.  आपण डायनिमा आणि विंच घेऊन करतो ते तेच काम आहे.

पावसाळ्यात काय करायचं?

रनर पूर्ण उतरवा, वर मास्टवर ठेवूच नका. गोड्या पाण्यात रात्रभर भिजत घालून मीठ काढा, सावलीत वाळवा, आणि मग पूर्ण लांबी हातातून सरकवत न्या. कुठे दोर कडक किंवा काचेसारखा चकचकीत लागला तर तिथे तो घासून गरम झालाय, तेवढा भाग बाद. वरचं मास्टवरचं टँग (रनर जोडलेली धातूची पट्टी) भिंगाखाली बघा, भोकाच्या कडेने केसासारखा तडा गेलाय का ते तपासा. कायमच्या तारांमध्ये जिथे तार स्वेजमध्ये (तारेच्या टोकावर दाबून बसवलेल्या फिटिंगमध्ये) शिरते तिथला तपकिरी डाग पुसून टाका आणि महिन्याने परत बघा. आपल्या दमट खाऱ्या हवेत वरवरचा गंज येतोच, पण पुसूनही तो त्याच धाग्यापाशी परत आला तर ती तार पुढच्या हंगामाला नको.